चुन्याखालचा निळा रंग

खानापूर तालुक्यात माझं आजोळ आहे. तिथल्या जुन्या घराच्या सोप्यात भिंतीवर चित्रं होती. दाराच्या दोन्ही बाजूंना भालदार, वर गजलक्ष्मी आणि कोनाड्याभोवती वेलबुट्टी. कुणी काढली, कधी काढली, ते आजीलाही ठाऊक नव्हतं. मी सहावीत असताना मामाचं लग्न ठरलं आणि घर रंगवायला काढलं. पेंटरने भिंती घासल्या, लांबी भरली आणि वरून मोरपंखी ऑइलपेंटचे दोन हात मारले. डबा धरायला मीच उभी होते. लग्नाला आलेल्या पाहुण्यांनी सोपा किती उजळला म्हणून कौतुक केलं. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

हे सगळं मी विसरून गेले होते. ते आठवलं फ्रान्समध्ये, एका टेकडीवरच्या छोट्याशा चॅपलमध्ये. आपल्या कॉलेजातून बी.ए. झाल्यावर मी शिकायला वर्षभर लियों शहरात होते, तेव्हाची ही गोष्ट. मंडळाच्या अंकासाठी काहीतरी लिही असं सरांनी सांगितलं, आणि लिहायचं तर या चॅपलबद्दलच, हे माझं आधीच ठरलं होतं.

लियोंच्या उत्तरेला बर्गंडी प्रांताच्या दक्षिण टोकाशी माकाँ नावाचं शहर आहे. तिथून क्लूनीकडे जाताना दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे लागतात. या मळ्यांमध्ये बेर्झे-ला-व्हिल हे गाव आहे. गावाच्या एका कडेला खडकाळ उंचवट्यावर क्लूनीच्या संन्याशांची एक जुनी प्रायरी होती, आणि तिचं चॅपल आजही उभं आहे. गावातले लोक त्याला ‘संन्याशांचं चॅपल’ म्हणतात.

प्रायरी म्हणजे काय, हे आधी सांगते, कारण मलाही ते तिथे जाईपर्यंत नीट कळलं नव्हतं. मोठ्या ख्रिस्ती मठाला ॲबी म्हणतात आणि त्याच्या प्रमुखाला ॲबट. प्रायरी हा त्याहून लहान मठ, त्याचा प्रमुख प्रायर. काही प्रायरी स्वतंत्र असायच्या, पण क्लूनीने वेगळीच पद्धत बसवली. तिचे शेकडो मठ युरोपभर पसरले होते आणि त्यांतल्या बहुतेकांचा ॲबट एकच, तो म्हणजे क्लूनीचा. बाकी ठिकाणी त्याच्या हाताखालचे प्रायर. थोडक्यात, मूळ गादी एक आणि शाखा अनेक. बेर्झे ही या शाखांपैकी अगदी जवळची, क्लूनीपासून जेमतेम १०-१२ किलोमीटरवर. शेती, मळे, धान्य यांची व्यवस्था पाहणारं आणि थकलेल्या ॲबटला चार दिवस निवांत राहता येईल असं हे ठिकाण.

थकायला कारणही तसंच होतं. सेम्यूरचा ह्यू हा क्लूनीचा ॲबट झाला १०४९ साली आणि ११०९ साली मरेपर्यंत त्या गादीवर राहिला. पूर्ण साठ वर्षं! सम्राट चौथा हेन्री हा त्याचा धर्मपुत्र. १०७७ मध्ये कानोसाच्या किल्ल्यापाशी हेन्री पोपची क्षमा मागायला गेला, तेव्हा मध्यस्थी करायला ह्यू तिथे हजर होता. पहिल्या धर्मयुद्धाची हाक देणारा पोप दुसरा अर्बन हा तर मूळचा क्लूनीचाच संन्यासी. एवढ्या उलाढालींत गुंतलेला हा म्हातारा माणूस बेर्झेला येऊन राहायचा. तो तिथे असताना एकदा वीज पडून आग लागली आणि तो थोडक्यात वाचला, असं त्याच्या चरित्रांत सांगितलेलं आहे.

याच ह्यूने १०८८ मध्ये क्लूनीला एक अवाढव्य चर्च बांधायला घेतलं. क्लूनीचं हे तिसरं चर्च. त्यासाठी स्पेनमधला एक राजा सहावा आल्फोन्सो याने सोनं पाठवलं. १०९५ मध्ये पोप अर्बनने स्वतः येऊन मुख्य वेदीचं पवित्रीकरण केलं. बांधकाम पुरं झालं तेव्हा त्याची लांबी १८७ मीटर भरली. रोममधलं आजचं सेंट पीटर्स उभं राहीपर्यंत ख्रिस्ती जगात याहून मोठं चर्च नव्हतं.

मी आधी क्लूनीलाच गेले होते. मनात त्या १८७ मीटरचं चित्र होतं. बघते तर काय, चर्च नाहीच! फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९८ मध्ये मठ विकला गेला आणि पुढची पंचवीसेक वर्षं लोकांनी तो दगडाची खाण म्हणून वापरला. जिथे चर्चचा मधला भाग होता तिथून रस्ता काढला. वेदीच्या बाजूला नेपोलियनच्या काळात सरकारी घोड्यांचे तबेले बांधले, तेही चर्चचेच दगड वापरून. आज शिल्लक आहे तो आडव्या भागाचा एक बाहू आणि त्यावरचे मनोरे. मूळ इमारतीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. पुढे केनेथ कोनंट या अमेरिकन अभ्यासकाने १९२८ पासून वीसेक वर्षं तिथे उत्खनन केलं, म्हणून तर चर्च कसं होतं याचा आराखडा आपल्याला मिळाला. त्या चर्चच्या वेदीमागच्या अर्धघुमटात सिंहासनावर बसलेल्या ख्रिस्ताचं मोठं भित्तिचित्र होतं. चर्च पाडलं, त्यात तेही गेलं.

आणि इथेच बेर्झेचं महत्त्व सुरू होतं. मोठं चर्च गेलं, पण त्याच मठाने, त्याच सुमारास, आपल्या एका घरगुती चॅपलमध्ये काढवून घेतलेलं तशाच विषयाचं चित्र राहिलं. क्लूनीच्या वैभवात रंग कसे होते, हे बघायचं तर माणसाला आज या टेकडीवर यावं लागतं.

चॅपल बाहेरून बघितलं तर काही विशेष वाटत नाही. फिकट पिवळसर दगडाची साधी इमारत, छोट्या खिडक्या. मी तर शेजारच्या घराचंच गोदाम असेल म्हणून पुढे जाणार होते. बांधणी दुमजली आहे. खाली एक दालन आणि त्याच्यावर मुख्य चॅपल. वरच्या चॅपलचे भाग मोजायला सोपे आहेत. आधी लोकांनी उभं राहायचा एकच सरळ दालनासारखा भाग, मग वेदीपुढची थोडी अरुंद जागा आणि पूर्वेला अर्धवर्तुळाकार गाभारा. गाभारा हा शब्द मी आपल्या सोयीसाठी वापरतेय. तिकडे त्याला ॲप्स म्हणतात. त्याच्या माथ्यावर अर्धा घुमट असतो, नारळाची करवंटी उभी चिरून भिंतीला लावावी तसा.

या शैलीला रोमनेस्क म्हणतात. हे नाव त्या बांधणाऱ्यांना माहीत असायचं कारण नाही, कारण ते १८१८ च्या सुमारास शार्ल द जेर्व्हिल या फ्रेंच अभ्यासकाने सुचवलं. लॅटिन मोडून जशा फ्रेंच, इटालियन अशा भाषा झाल्या, तशी जुन्या रोमन बांधकामाची पद्धत मोडून ही वास्तुशैली झाली, अशी त्याची कल्पना होती. भाषेच्या विद्यार्थ्यांना ही उपमा आवडावी. संस्कृत आणि प्राकृतांचं आपण वर्गात जे शिकतो, त्याच्या जवळची गोष्ट आहे ही.

रोमनेस्क ओळखायची कशी? पहिली खूण गोल कमान. दुसरी खूण जाड भिंती आणि लहान खिडक्या. या दोन्हींचं मूळ छतात आहे. लाकडी छताला आग लागायची, म्हणून दगडी छत हवं झालं. पिंप उभं चिरून आडवं पालथं घालावं तसं हे छत असतं. पण दगडाचं असं छत खाली दाबतं तसं बाजूलाही रेटतं, आणि त्याच्या रेट्याने भिंती बाहेर फाकू बघतात. त्यांना तोलून धरायचं तर जाडी वाढवायची आणि भोकं कमी ठेवायची, हाच मार्ग त्या वेळी माहीत होता. पुढे गॉथिक शैलीत टोकदार कमानी आल्या, बाहेरून टेकू आले, भिंतीवरचा भार हलका झाला आणि तिथे मोठमोठ्या रंगीत काचा बसल्या. रोमनेस्कमध्ये मात्र काच थोडी, भिंत फार. एवढी मोकळी भिंत असली की तिच्यावर रंग चढणारच. आज ही चर्चं उघड्या दगडाची दिसतात, म्हणून ती पहिल्यापासून तशीच असावीत असं आपल्याला वाटतं. खरं तर त्यांतली कितीतरी आतून रंगवलेली होती.

आता आत जाऊ. मी गेले तेव्हा बाहेर कडक ऊन होतं. आत शिरल्यावर क्षणभर काहीच दिसेना. मग समोरच्या अर्धघुमटात हळूहळू निळं दिसायला लागलं.

मध्ये ख्रिस्त बसला आहे, उभट बदामी आकाराच्या तेजोवलयात. आकृती जवळजवळ चार मीटर उंच, म्हणजे माणसाच्या दुपटीहून मोठी. घुमटाच्या वळणामुळे ती आपल्याकडे किंचित झुकल्यासारखी भासते. वरून देवाचा हात मुकुट धरून खाली आलेला. दोन्ही बाजूंना प्रेषितांची दाटी. ख्रिस्ताचा उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला, आणि डाव्या हाताने तो एक गुंडाळी पेत्राला देतोय. पेत्राजवळ त्याच्या किल्ल्या आहेत. दुसऱ्या बाजूला पौल.

ही गुंडाळी नुसती शोभेला नाही. ख्रिस्त पेत्राला नियमशास्त्र सुपूर्द करतो, हा विषय रोमच्या जुन्या ख्रिस्ती कलेत फार पूर्वीपासून येतो. पण क्लूनीला तो इतका जवळचा का? त्याचं उत्तर क्लूनीच्या दानपत्रात आहे. ९१० च्या सुमारास ॲक्विटेनचा ड्यूक विल्यम याने क्लूनीची जमीन दिली ती पेत्र आणि पौल या दोन प्रेषितांच्या नावाने. त्या काळी मठ बांधून देणारा सरदार मठावर मालकी सांगायचा, आपल्या मर्जीतला ॲबट बसवायचा. विल्यमने ते नाकारलं. ना सरदाराचा हक्क, ना आसपासच्या कुणा सत्ताधाऱ्याचा. मठ पेत्राचा, म्हणजेच त्याच्या गादीवर बसणाऱ्या पोपच्या संरक्षणाखालचा. क्लूनीचं सगळं सामर्थ्य या एका कलमातून वाढलं. त्यामुळे पेत्राच्या हातात गुंडाळी जाताना बघणाऱ्या संन्याशाला स्वतःच्या मठाचा दस्तऐवजच भिंतीवर दिसत असणार. आपल्याकडे एखाद्या देवस्थानाची सनद देवळाच्या दारात कोरून ठेवतात, त्यातलाच हा प्रकार म्हणा ना.

अर्धघुमटाच्या खाली भिंतीवर पाच कमानींची रांग आहे. मधल्या तिन्हींत खिडक्या, कडेच्या दोन बंद. बंद कमानींत दोन रक्तसाक्षींच्या कथा रंगवल्या आहेत. डावीकडे सेंट ब्लेझ, आर्मेनियातला बिशप. एका गरीब विधवेचं डुक्कर लांडग्याने पळवलं होतं, ते त्याने परत मिळवून दिलं. पुढे तो तुरुंगात पडला तेव्हा त्याच बाईने त्याच्यासाठी जेवण नेलं. चित्रात वरच्या बाजूला ती बाई तुरुंगाशी आलेली आहे आणि खाली ब्लेझचा शिरच्छेद. एवढ्या क्रूर प्रसंगाच्या डोक्यावर चित्रकाराने ही बाई ठेवली, ते मला फार आवडलं. उजवीकडे एका डीकनला तापलेल्या लोखंडी जाळीवर भाजतायत. हा सारागोसाचा सेंट व्हिन्सेंट की रोमचा सेंट लॉरेन्स, यावर अभ्यासकांत वाद आहे, कारण दोघांच्याही कथेत जाळी येते. व्हिन्सेंट हा द्राक्षमळेवाल्यांचा संत. त्या खिडक्यांबाहेरचे मळे बघितल्यावर माझं मत आपोआप व्हिन्सेंटकडे झुकलं, पण तो काही पुरावा नव्हे.

सगळ्यात खाली रंगवलेला पडदा आणि त्याच्या वर संतांचे अर्धपुतळ्यासारखे चेहरे. यात सेबॅस्टियन आहे, सर्जियस आहे, अब्दोन आणि सेनेन आहेत. यांतले बरेचसे पूर्वेकडचे किंवा रोममध्ये पुजले जाणारे. बर्गंडीतल्या खेड्यात ते कसे आले?

याचं उत्तर शैलीतही सापडतं. त्या काळच्या फ्रान्समधली बरीच भित्तिचित्रं फिक्या पार्श्वभूमीवर, मातकट रंगांत काढलेली आहेत. सें-साव्हां इथल्या चर्चमधली त्यांत प्रसिद्ध. बेर्झेचं तसं नाही. इथे गडद निळी जमीन, जांभळट आणि लाल वस्त्रं, चेहऱ्यावर हिरवट सावल्या, आणि वस्त्रांच्या चुण्या बारीक पांढऱ्या रेघांनी कंगव्याच्या दातांसारख्या काढलेल्या. ही पद्धत बायझंटाईन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या वळणाची. ती थेट तिथून आली नसावी, इटलीमार्गे आली असावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. दक्षिण इटलीत मोंते कासिनोचा मोठा मठ आहे. तिथल्या ॲबट डेसिडेरियसने नव्या चर्चसाठी कॉन्स्टँटिनोपलहून कारागीर आणवले होते, ते चर्च १०७१ मध्ये पवित्र झालं. आणि १०८३ मध्ये आपला ह्यू मोंते कासिनोला जाऊन आला होता. त्याने तिथे काय पाहिलं असेल, याचा अंदाज बेर्झेच्या भिंतीवरून करता येतो.

निळ्याची तर आणखी लांबची गोष्ट. इथे वापरलेला किमती निळा लाजवर्दाचा आहे. हा दगड त्या काळी येऊन येऊन यायचा तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या डोंगरातून. आपल्या अजिंठ्यातला निळाही त्याच दगडाचा. अजिंठ्याचे चित्रकार बेर्झेच्या कितीतरी शतकं आधीचे, पण दगड एकाच डोंगराचा. एक वाट खैबरकडून खाली आली, दुसरी भूमध्य समुद्र ओलांडून द्राक्षमळ्यांत गेली. हे कळल्यावर ते चॅपल मला परकं वाटेनासं झालं.

रंग लावायची रीतही सांगायला हवी, कारण पुढची गोष्ट तिच्यावरच उभी आहे. भिंतीला चुन्याचा गिलावा करायचा आणि तो ओला असतानाच रंग लावायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड बनतो आणि रंगाचे कण त्यात अडकून बसतात. याला फ्रेस्को म्हणतात. बेर्झेच्या चित्रकारांनी त्यावर, गिलावा वाळल्यानंतर, चिकट द्रव्यात कालवलेल्या रंगांचे आणखी थर चढवले. चमक आणि बारकावे त्यातून आले.

पुढे कधीतरी या चित्रांवर चुना फासला गेला. युरोपात अनेक चर्चमध्ये असं झालं. कधी रोगराईनंतर, कधी अभिरुची बदलली म्हणून, कधी नुसती जागा स्वच्छ दिसावी म्हणून. पांढऱ्या भिंतीआड ख्रिस्त, पेत्र, जेवण नेणारी बाई, सगळी झाकली गेली. राज्यक्रांतीत मठाची मालमत्ता विकली गेली तेव्हा हे चॅपलही खाजगी मालकीत गेलं. त्यात काही आहे हे कुणाला माहीतच नव्हतं. नाहीतर एखाद्याने चित्रं खरवडून तरी काढली असती.

१८८७ मध्ये गावचे धर्मगुरू फादर जोलिव्हे यांना चुन्याखाली रंग दिसला. पापुद्रे निघाले तसा एकेक चेहरा वर आला. चुन्याने चित्र झाकलं खरं, पण धूर, ऊन आणि माणसांचे हात यांच्यापासून वाचवलंही. चुन्याचा थर श्वास घेतो, ओल बाहेर सोडतो आणि सावकाश काम केलं तर सुटून येतो. हे ऐकताना माझ्या पोटात गोळा आला. आमच्या सोप्यातल्या भिंती आधी घासल्या होत्या, आणि वर होता तो ऑइलपेंट.

गोष्ट इथे संपत नाही. चॅपल खाजगीच होतं. १९४७ मध्ये जोन एव्हान्स या इंग्रज विदुषीने ते विकत घेतलं. क्रीटमध्ये क्नोसोसचं उत्खनन करणारे आर्थर एव्हान्स हे तिचे सावत्र भाऊ. ती स्वतः क्लूनीची मोठी अभ्यासक. क्लूनीतल्या मठजीवनावर आणि क्लूनीच्या वास्तुकलेवर तिची पुस्तकं आहेत. पुढे लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीजची ती पहिली स्त्री अध्यक्ष झाली. महायुद्ध संपून दोनच वर्षं झाली होती. अशा वेळी तिने परक्या देशातलं एक चॅपल स्वतःच्या पैशाने घेतलं आणि स्वतःकडे न ठेवता माकाँच्या अकादमीला देऊन टाकलं.

अकादमी म्हटलं की आपल्याला सरकारी कार्यालय आठवतं. ही तशी नाही. १८०५ मध्ये माकाँमधल्या वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या लोकांनी स्थापन केलेली ही सभा. याच भागात वाढलेला कवी लामार्तीन तिचा सभासद होता. निबंध वाचायचे, चर्चा करायच्या, अंक काढायचे. म्हणजे आपल्या मंडळासारखंच की! आणि या मंडळाकडे आज नऊशे वर्षांपूर्वीच्या एका चॅपलची किल्ली आहे.

परत आल्यावर मी आजोळी गेले. सोपा अजून मोरपंखी आहे. मामाला बेर्झेचे फोटो दाखवले. तो बराच वेळ बघत राहिला. मग उठून मला माजघरात घेऊन गेला आणि धान्याच्या कणगीमागची भिंत दाखवली. ही भिंत लग्नात रंगवायची राहून गेली होती, कारण कणगी हलवायला कुणी नव्हतं. तिथे चुन्याच्या जुन्या हाताखाली, पापुद्रा उडालेल्या जागी, एका पोपटाची चोच आणि थोडी वेल दिसते. नखाने खरवडायचा मोह झाला, पण हात मागे घेतला. ते काम जाणत्या माणसाचं. मी फोटो काढले, भिंतीची मापं घेतली आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवली. यंदा दिवाळीला घर रंगवतील तेव्हा तेवढी भिंत सोडायची, असं मामाने कबूल केलंय.

आपल्यापैकी पुष्कळजण खेड्यांतून येतात. कुणाच्या वाड्यात, कुणाच्या देवळात, कुणाच्या गावच्या चर्चमध्ये अशी भिंत असेल. सणाआधी, लग्नाआधी रंगाचा डबा आणला की एकदा जवळ जाऊन बघा. काही दिसलं तर फोटो काढा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून दोन ओळी लिहा आणि मंडळाच्या पुढच्या बैठकीला घेऊन या. मी माझा पोपट आणते आहे.